बाईंची यादी आणि अडकलेला संगणक

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार पुष्कळांच्या लक्षात असेल. त्या दिवशी जगभरचे विमानतळ, बँका, इस्पितळे यांतले संगणक एकाएकी निळे पडले. सुरू होत, बंद पडत, पुन्हा सुरू होत. आपल्याकडे हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाला चक्क हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला आणि त्याचे छायाचित्र घरोघरी पोहोचले. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरसाठी आलेली एक लहानशी फाइल सदोष निघाली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक त्यात सापडले. दुरुस्ती मात्र बहुतेक ठिकाणी जुन्या पद्धतीचीच होती. प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसवायचा, सेफ मोडमध्ये जायचे आणि ती एक फाइल पुसायची.

ही बातमी आम्ही शाळेत चहा पिताना वाचली आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहिले. आम्ही तिघे म्हणजे २००८ साली कार्यालयात असलेले दोघे आणि संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या एक शिक्षिका. आमच्यातले एक आता निवृत्त आहेत, पण शुक्रवारच्या चहाला येतात. सोळा वर्षांपूर्वी आमच्याही कार्यालयात हेच झाले होते. ८५ लाख नव्हे, एकच संगणक होता. पण त्या एकात बाईंची यादी होती.

यादीविषयी आधी सांगायला हवे, कारण आताच्या मुलांनी ती फक्त छापील पाहिली आहे. २००८-०९ हे शाळेचे अमृतमहोत्सवी वर्ष. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनच्या सर्व विद्यार्थ्यांची यादी करायची असे ठरले. काम अंगावर घेतले ते गणिताच्या निवृत्त बाईंनी. शाळेची पहिली दाखल-खारीज रजिस्टरे होळकर संस्थानच्या काळातली. त्यांतल्या सुरुवातीच्या नोंदी मोडीत. इंदूरला मोडी वाचणारी माणसे तेव्हाही बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती, आणि शाळेत तर बाई एकट्याच. त्यांच्या वडिलांनी संस्थानच्या कचेरीत मोडीतच दफ्तर सांभाळलेले. बाई रोज अकराला यायच्या, भिंग घेऊन एकेक ओळ वाचायच्या आणि दोन बोटांनी टंकायच्या. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण, शाळा सोडल्याचे कारण. 'कारण' या रकान्यात कधी 'गिरणीत लागला' असे असायचे, कधी 'देशी गेला', कधी नुसते 'वारला'. अडीच वर्षांत साडेचार हजार नावे झाली होती. दरम्यान बाईंच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे व्हायचे होते. आणि पहिले रजिस्टर उघडझाक करून इतके जीर्ण झाले की त्याची पाने बोटाला लागून तुटू लागली. शेवटी ते कापडात बांधून कपाटात ठेवले. म्हणजे यादी पुन्हा करायची म्हटली तरी पहिली काही वर्षे आता फक्त त्या संगणकात होती.

नक्कल? होती ना. त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर होती. वाचणाऱ्यांनी हसावे, आम्ही तेव्हा हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

२००८ च्या मे महिन्यात विंडोज एक्सपीचा तिसरा सर्व्हिस पॅक सर्वांसाठी खुला झाला. ३१६ एमबीची फाइल. शाळेच्या ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असे, म्हणून संगणक रात्रभर चालू ठेवून ती उतरवली. सुट्टी संपून शाळा लागल्यावर जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ती बसवायला घेतली. संगणक-कक्षातल्या दोन यंत्रांवर काम बिनबोभाट झाले. तिसरा नंबर कार्यालयाचा. पट्टी भरत गेली, 'पूर्ण झाले' असे आले, आम्ही रीस्टार्टचे बटण दाबले.

काळ्या पडद्यावर विंडोजचे चिन्ह आले. खालची निळी पट्टी तीनचारदा सरकली. मग क्षणभर निळा झटका, आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ही घड्याळ लावले: चाळीस सेकंदांत एक फेरी. पंधरावीस फेऱ्या होईपर्यंत आम्ही नुसते बघत बसलो. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्यालाही कधीतरी पायरी उतरायची असते. याला ती सापडतच नव्हती.

आमच्यातल्या एकाने ज्या दुकानातून शाळेचे सुटे भाग येत तिथे फोन लावला. पलीकडून उत्तर तयारच होते. 'भैया, फॉरमॅट मारना पड़ेगा। एक घंटे का काम है, तीन सौ रुपये।' आणि डेटा? 'वो तो उड़ जाएगा। बैकअप होगा ना?' त्या भल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकली असती तर संगणक खरोखरच तासाभरात चालू झाला असता. त्याला यंत्र दुरुस्त करायचे होते. आम्हाला यादी हवी होती. 'कल सुबह लड़का भेजता हूँ' असे म्हणून त्याने फोन ठेवला, आणि आम्हाला 'नको' म्हणायचे सुचले नाही.

यानंतर आम्ही जे केले ते सांगायला संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी अकराला बाई आल्या तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की व्होल्टेज फार कमी आहे, आज संगणक लावू नये म्हणतात. जुलैतल्या इंदुरात हे कोणालाही खरे वाटले असते. बाईंनी वर पाहिले. पंखा भरधाव फिरत होता. त्या खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "आता खरं सांगा."

सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, "यंत्र बिघडलंय की त्यातली पाटी पुसलीय?" ते माहीत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग माहीत करून घ्या. आणि काहीही करायच्या आधी माझ्या यादीची नक्कल बाहेर काढा. दुरुस्ती मागाहून." दुकानातला मुलगा तोवर दारात येऊन उभा होता. त्याला चहा दिला आणि परत पाठवले. येण्याजाण्याचे पन्नास रुपये पडले.

पहिला प्रश्न बाईंनी नेमका घातला होता. पुन:पुन्हा रीस्टार्ट होण्याची कारणे दोन जातींची असतात. एक, यंत्राचे: वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएस थकणे, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगणे (त्या वर्षांत हा रोग फार होता), रॅम सैल होणे, पंख्यात धूळ साचणे. दुसरे, आतल्या प्रणालीचे. आम्ही संगणक सुरू करताना डिलीटची कळ दाबून बायोसच्या पानावर नेला आणि तिथेच अर्धा तास सोडून दिला. तिथे अजून विंडोज सुरूच झालेली नसते. अर्धा तास तो ढिम्म हलला नाही. कॅबिनेट उघडून पाहिले. कपॅसिटरची डोकी सपाट होती. तेव्हा संशय यंत्रावरून उडाला.

मग एफ८. ही कळ योग्य क्षणी दाबायची म्हणजे रेल्वे फाटकातून शेवटच्या क्षणी सायकल काढण्यासारखे होते. विंडोजचे चिन्ह दिसले की वेळ गेली. आम्ही सुरुवातीपासूनच टकटक दाबत राहिलो आणि तिसऱ्या खेपेला पांढऱ्या अक्षरांची यादी आली. त्यात 'बिघाड झाल्यास आपोआप रीस्टार्ट करू नये' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो निवडला. या वेळी निळा झटका झटका न राहता पान झाला. इतका वेळ संगणक काहीतरी सांगत होता, आणि आमचे ऐकून होण्याआधीच पुन्हा सुरू होत होता. पानावर बरेच काही होते. आम्हाला कामाचे वाटले ते 'स्टॉप ०एक्स००००००७ई'. नववीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत डोकावला होता. त्याने ते आकडे गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर एकेक शून्य मोजून उतरवून घेतले.

पण बाईंचा हुकूम नकलेचा होता. तेव्हा संगणक बंद केला, हार्ड डिस्क बाहेर काढली, तिच्या पाठीवरचा छोटा जम्पर चिमट्याने उचलून 'मास्टर'वरून 'स्लेव्ह'वर बसवला आणि ती कक्षातल्या एका चालत्या यंत्राच्या रिबन केबलला जोडली. डिस्क दिसली. फोल्डर दिसले. यादीची फाइल दिसली, आकारही शून्य नव्हता. उघडली, आणि बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि टोप्या यांची खिचडी होती. साडेचार हजार ओळी खिचडी. आमच्यातल्या एकाने तर डोक्याला हातच लावला.

जुन्या मंडळींना कारण माहीत असेल. बाई श्रीलिपीच्या फाँटमध्ये, मराठी टाइपरायटरच्या कळपाटावर टंकत. तेव्हाच्या अशा फाँटांत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवले जात नसे. एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागी 'क'चे चित्र बसवलेले असे. तोच फाँट त्या संगणकात असला तर मराठी, नसला तर खिचडी. कक्षातल्या यंत्रात तो नव्हता. डिस्कच्या फाँट्स फोल्डरमधून तो उचलून या यंत्रात टाकला, फाइल पुन्हा उघडली, आणि पहिल्या ओळीवर १९३३ सालचा पहिला विद्यार्थी हजर. बाईंनी पहिले पान वाचले, मधले एक वाचले, शेवटचे वाचले. मग म्हणाल्या, "आता पिशवीत घालता येईल असं काहीतरी द्या." एक सीडी लिहून दिली. ती त्यांनी रुमालात गुंडाळून घरी नेली. शाळेच्या यादीची शाळेबाहेर राहणारी ती पहिली नक्कल.

इथे आमच्यातल्या दोघांचे म्हणणे पडले की झाले काम, आता फॉरमॅट मारू. तिसरीचे म्हणणे वेगळे होते. कक्षात अजून आठ संगणक अद्ययावत व्हायचे होते. हा एक का अडकला आणि ते दोन का नाही, हे कळल्याशिवाय पुढच्या यंत्राला हात लावायचा कसा? यावर थोडी खडाजंगी झाली. फॉरमॅटवाले हरले, कारण कक्षाच्या किल्ल्या तिसरीकडे होत्या.

जम्पर पूर्ववत करून डिस्क जागेवर बसवली. एफ८ वर आता आमचा हात बसला होता. 'शेवटची चांगली स्थिती' हा पर्याय निवडला, उपयोग झाला नाही. मग सेफ मोड. चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेला, मोठ्या ओबडधोबड अक्षरांचा पडदा आला आणि थांबला. शिपाईकाकांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आनंदाने रीस्टार्ट केला, आणि चाळीस सेकंदांची फेरी पुन्हा सुरू.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी आवश्यक तेवढेच चालक, म्हणजे ड्रायव्हर, सोबत घेते. तिथे ती उभी राहते आणि एरवी पडते, याचा अर्थ जे चालक सेफ मोडमध्ये घरी ठेवले जातात त्यांच्यातलाच कोणीतरी पाय ओढत होता. पण कोण?

उत्तराचा अर्धा भाग नववीतल्या त्या मुलाने काढला, तोही फार विद्वत्ता न करता. दुसऱ्या दिवशी येऊन तो म्हणाला, "मॅडम, जे दोन चालले त्यांच्यावर इंटेलचा स्टिकर आहे. हा एएमडी आहे." आम्ही रोज त्या स्टिकरला फडके मारत होतो. उरलेला अर्धा भाग राजवाड्याजवळच्या सायबर कॅफेत, तासाला पंधरा रुपये मोजून मिळाला (इंटरनेट असलेला शाळेचा एकमेव संगणक तर हाच होता). वहीतला आकडा, सर्व्हिस पॅकचे नाव आणि एएमडी असे तिन्ही शब्द घालून शोधल्यावर विंडोजच्या उत्पादकाचेच मदत-टिपण सापडले. ते वाचताना आमच्या कानांच्या पाळ्या तापल्या, कारण त्यातले गुन्हेगार आम्हीच होतो.

२००६ साली एका माजी विद्यार्थ्याने शाळेला पाच संगणक दिले. पाचही एएमडी प्रोसेसरचे. प्रत्येकावर सगळे नव्याने बसवायचे म्हणजे आठवडा गेला असता. म्हणून आम्ही कक्षातल्या एका चांगल्या चालणाऱ्या, इंटेलच्या संगणकाच्या डिस्कची हुबेहूब नक्कल पाचांवर उतरवली. त्या काळी याला 'घोस्ट मारणे' म्हणत आणि ते करता येणाऱ्याला मान असे. आम्हालाही मिळाला होता. पण नकलेबरोबर 'इंटेलपीपीएम' नावाचा एक चालकही आला. इंटेलच्या प्रोसेसरला वीज जपून वापरायला लावणे एवढेच त्याचे काम. एएमडीच्या यंत्रात त्याला काहीच काम नव्हते. तो दोन वर्षे नुसता बसून होता आणि कोणाला त्रासही देत नव्हता. सर्व्हिस पॅक बसवल्यानंतरच्या पहिल्याच सुरुवातीला मात्र तो जागा झाला, आपला नसलेला प्रोसेसर हाताळायला गेला आणि प्रणाली कोसळली. परदेशातही त्या उन्हाळ्यात ज्यांच्या यंत्रांवर अशीच इंटेलची नक्कल होती त्यांची हीच गत झाली होती.

उपाय एका ओळीचा. सेफ मोडमध्ये जायचे, काळी कमांडची खिडकी उघडायची आणि लिहायचे: एससी कॉन्फिग इंटेलपीपीएम स्टार्ट= डिसेबल्ड. म्हणजे या चालकाला उद्यापासून सुट्टी. आम्ही लिहिले, आज्ञा नाकारली गेली. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. बाई मागे उभ्या होत्या. त्यांना त्यातले अक्षर कळत नव्हते, पण त्यांनी चाळीस वर्षे फळ्यावरच्या चुका पकडल्या होत्या. सायबर कॅफेतून आणलेला कागद आणि पडदा यांच्यावरून भिंग फिरवून त्या म्हणाल्या, "कागदावर बरोबरच्या चिन्हानंतर जागा सोडलीय. तुम्ही सोडली नाही." खरेच, त्या आज्ञेत बरोबरच्या चिन्हाआधी जागा चालत नाही आणि नंतर ती सोडावीच लागते. जागा सोडली. 'सक्सेस' असा शब्द आला.

रीस्टार्ट केला. चिन्ह आले, निळी पट्टी सरकू लागली. तीन, चार, पाच, सहा. कोणी बोलत नव्हते. मग पडदा काळा झाला, आणि त्यानंतर हिरव्या टेकडीचे ते ओळखीचे चित्र आले. या वेळी टाळ्या वाजवायला कोणी धजावले नाही. आणखी दोनदा बंद-चालू करून पाहिला तेव्हाच शिपाईकाकांना चहा सांगितला.

कक्षातल्या उरलेल्या चार एएमडी यंत्रांवर आम्ही आधी ती एक ओळ चालवली आणि मगच सर्व्हिस पॅक बसवला. एकही अडकले नाही. प्रत्येक कॅबिनेटवर त्या मुलाने खडूने 'इं' किंवा 'ए' लिहून ठेवले. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही घडले तसे सांगितले, घोस्टसकट. बोलणी अपेक्षित होती, दोन-तीन मिळालीही. पण यूपीएसच्या बॅटऱ्या आणि नक्कल ठेवण्यासाठी एक बाहेरची हार्ड डिस्क, या २००६ पासून पडून असलेल्या मागण्या त्याच बैठकीत मंजूर झाल्या, हे नोंदवले पाहिजे.

आताच्या पालकांसाठी दोन शब्द, कारण घरच्या संगणकाबद्दल विचारणा होते. विंडोज १० किंवा ११ अपडेटनंतर अशी अडकली तर एफ८ ची कसरत सहसा करावी लागत नाही. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता आले नाही की ती आपणहून दुरुस्तीचे पान उघडते. तिथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्यात शेवटचे अपडेट काढून टाकण्याची सोय असते. सेफ मोडचा रस्ताही तिथूनच जातो. पुष्कळ लॅपटॉपांची डिस्क आता बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि अशा वेळी ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. २०२४ च्या त्या शुक्रवारी कित्येक कार्यालये दुरुस्ती माहीत असूनही खोळंबली ती या किल्लीसाठी. आपली किल्ली आजच शोधून वहीत लिहून ठेवावी, आणि वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये.

यादीचे पुढे असे झाले. ती डिसेंबरात छापून झाली आणि अमृतमहोत्सवाला व्हरांड्यात वर्षवार लावली. पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ काठी टेकत टेकत १९४१ च्या कागदापाशी आले, बोट फिरवत आपले नाव शोधले आणि मोठ्याने म्हणाले, "माझ्या वडिलांचं नाव चुकलंय." बाई चार पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून लाल पेन काढले, त्यांना बरोबर नाव विचारून तिथल्या तिथे दुरुस्त केले आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या अकराला संगणक चालू ठेवा."